सपाता

सातारा
रविवार, दुपार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन चार मिनिटं अकरा सेकंद चालला. मी मोजत नव्हतो, मोबाइल आपणहून दाखवतो. त्यात दोनदा ‘हो’, एकदा ‘खाल्लं’ आणि शेवटी ‘बरं, ठेवते’. आई म्हणते, दमली असेल. असशील. तरी पत्र लिहायला बसलो, कारण पत्रात मला कुणी मध्येच ‘बाबा, आवाज तुटतोय’ म्हणू शकत नाही. दादा टाइप करून पाठवणार आहे. ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागली तर दोष त्याचा.

निघायच्या आदल्या रात्रीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. काढतो.

‘माय फेअर लेडी’ लावायचा हट्ट माझा, हे कबूल. पोरगी लंडनला चाललीय, तर लंडनच्या फुलवालीचा सिनेमा बघून जाऊ दे, एवढाच हेतू. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, तुझी बॅग अर्धी उघडी, तिच्यावर मेतकुटाचा डबा, आणि आई वजनकाट्याशी झटतेय. मला वेळेचं भान नाही हे ती चाळीसेक वर्षं सांगतेच आहे. शेवटी सपाता फेकून मारून निघून गेलेली ती फुलवाली एलायझा परत येते, तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स खुर्चीत रेलून टोपी डोळ्यांवर ओढतो आणि माझ्या सपाता कुठं आहेत म्हणून विचारतो, तेव्हा मी नेहमीसारखा ‘वा!’ म्हणालो. तू म्हणालीस, “वा काय? ही परत आलीच का? फेकून मारायच्या त्या सपाता, पुन्हा एकदा.”

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाची जीभ. आठ ऑस्कर मिळवलेला सिनेमा, रेक्स हॅरिसनचा अभिनय, एलायझा परत येते ती गुलाम म्हणून नव्हे, वगैरे मी सुरू केलं. मग तू ते वाक्य बोललीस. “बाबा, तुम्ही हिगिन्सच आहात. आई ‘पाणी’ हा शब्द उच्चारत नाही, तुमच्या कधी लक्षात आलंय?”

दुसऱ्या दिवशी मुंबईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. खंबाटकी उतरल्यावर ड्रायव्हरनंच विचारलं, गाणी लावू का. विमानतळावर तू वाकून नमस्कार केलास, तेव्हा माझा हात तुझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला, ते तुला कळलं असेल असं धरून चालतो.

तू गेल्यावर या सिनेमामागचं बर्नार्ड शॉचं मूळ नाटक, ‘पिग्मॅलियन’, कपाटातून काढून परत वाचलं. शॉ तुझ्या बाजूचा आहे. (मला माहीत होतं. त्या रात्री सांगितलं नाही.) १९१४ साली लंडनला ‘पिग्मॅलियन’ लागलं तेव्हा हिगिन्सचं काम करणाऱ्या बीअरबोम ट्रीनं पडदा पडायच्या आधी एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे लोकांनी समजावं की यांचं जमलं. शॉ भयंकर चिडला. पुढं १९१६ मध्ये त्यानं नाटकाला चांगला लांबलचक मजकूर जोडला: एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लग्न करते, फुलांचं दुकान काढते, विषय संपला. लोकांनी ऐकलं नाही. १९३८ च्या सिनेमात ती परत आलीच, आणि त्याच सिनेमाच्या पटकथेसाठी शॉच्या हातात ऑस्कर पडलं! नाटकाचं संगीतक करायला तो हयातभर नाही म्हणत राहिला. १९५० मध्ये गेला, १९५६ मध्ये ब्रॉडवेवर ते ‘माय फेअर लेडी’ म्हणून उभं राहिलं. मेलेल्या माणसाला काय विचारता.

झालं, परत तास घ्यायला लागलो. माफ कर.

तू तिकडं बोलतेस ना? ऑफिसात, म्हणजे.

दुसऱ्या आठवड्यात तू हसत हसत सांगितलं होतंस, की मीटिंगमध्ये ‘व्हेन्यू’ म्हणालीस आणि समोरच्यानं तीनदा परत म्हणायला लावलं, तेव्हा चौथ्यांदा तू तो शब्द चॅटमध्ये टाइप करून टाकलास. तू हसलीस, आईही हसली. मला त्या रात्री झोप आली नाही. तुझं इंग्रजी उत्तम आहे. आठवीपासून मी स्वतः… जाऊ दे.

आईच्या पाण्याचं सांगतो. तू म्हणालीस म्हणून तीन आठवडे लक्ष ठेवलं. तुझं बरोबर आहे. पाहुणे आले की ती ‘प्यायला आणू?’ म्हणते. सकाळी ‘नळ आला’. आमटी दाट झाली तर ‘जरा सैल करते’. तांब्या भरलाय, हंडा रिकामा झालाय, झाडं सुकली आहेत. सगळं त्याच्याच भोवती, पण तो शब्द नाही. इतकी वर्षं मी मराठी शिकवलं, वाक्यातला अध्याहृत शब्द ओळखा म्हणून पोरांचे मार्क कापले, आणि घरातला शब्द मला सापडला नाही.

कधी झालं तेही आठवलं. लग्नाला वर्ष झालं होतं, गौरी जेवायच्या दिवशी आमचे हेडमास्तर सपत्नीक आले होते. आई तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि ‘पानी घ्या’ म्हणाली. मी म्हणालो, “पाणी. ण. जीभ वर, टाळूला.” प्रेमानंच म्हणालो गं. सगळे हसले, आईपण हसली. तिच्या हातात ते पितळी भांडं होतं, काठाला पोचा आलेलं, नानांचं. तिनं ते सतरंजीवर ठेवलं आणि आत गेली. एवढंच. माझ्या मते त्या दिवशी काही घडलंच नव्हतं.

कॉलेजात असताना, १९७५ मध्ये, पुलंचं ‘ती फुलराणी’ आलं, ‘पिग्मॅलियन’चंच मराठी रूप; एलायझाची इथं मंजुळा झाली. भक्ती बर्वेंची मंजुळा आम्ही हॉस्टेलची पोरं किती वेळा बघून आलो असू! तिच्या बोलण्यावर पोट धरून हसायचो, प्रोफेसरला धडा शिकवायची तिची शपथ ऐकून शिट्ट्या मारायचो. टाळ्या मंजुळेला वाजवल्या आणि थिएटरबाहेर पडलो ते सगळेच्या सगळे प्रोफेसर होऊन.

परवा आत्याला फोनवर सिनेमाचं विचारलं. तिचा राग भलताच. ती म्हणते, रंगमंचावर ज्युली अँड्र्यूजनं एलायझा गाजवली आणि सिनेमाच्या वेळी निर्मात्याला नाववाली नटी पाहिजे म्हणून ऑड्री हेपबर्नला घेतलं; त्याच वर्षीचं ऑस्कर ज्युलीनं दुसऱ्या सिनेमासाठी नेलं, बरी जिरली. हेपबर्नला साधं नामांकनही नव्हतं. आत्या खूश. मला मात्र हेपबर्नचं वाईट वाटतं. गाण्यांसाठी तिनं किती तयारी केली होती, पण बहुतेक गाण्यांत आवाज ठेवला मार्नी निक्सनचा. बोलायला शिकणाऱ्या पोरीचा सिनेमा, आणि त्या पोरीचाच आवाज काढून घेतलेला! साठ वर्षं लोक बघताहेत, हेपबर्नचे ओठ आणि दुसरीचा गळा.

तू मीटिंगमध्ये टाइप करत जाऊ नकोस. म्हणजे कर, सोयीचं असेल तर. पण सारखं नको.

आईला मी अखेर विचारलं, तुला शेवट पटतो का. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “शेवटाचं मला ठाऊक नाही, मी डबा बांधत होते. पण ते दोघं बाप्ये चहाबरोबर केक खात बसलेत आणि ती पोरगी उपाशीपोटी धडे गिरवतेय. उरलेला तुकडासुद्धा त्या मेल्यानं पिंजऱ्यातल्या पाखराला घातला. तिथंच माझ्या मनातून उतरला तो.” मी हा सिनेमा सात-आठ वेळा पाहिलाय. ते पाखरू मला आठवेना. परत लावून पाहिलं. आहे.

तुला सुट्टी असेल तेव्हा कोव्हेंट गार्डनला जाऊन ये. फुलबाजार आता तिथं नाही, १९७४ मध्ये नाइन एल्म्सला हलवला, पण नाटक सुरू होतं ते सेंट पॉल्स चर्चचे खांब आहेत. सिनेमात ते दिसतात ते खोटे. अख्खं लंडन कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओत उभारलं होतं. फोटो पाठव. फोटोत स्वेटर दिसू दे, म्हणजे आईला बरं वाटेल.

आणि सपातांचं अजून एकच. शेवटी हिगिन्स एकटा बसून तिचा पहिल्या दिवशीचा आवाज तबकडीवर ऐकत असतो. ती मागून येते, यंत्र बंद करते आणि पुढचं वाक्य स्वतःच म्हणते, तिच्या जुन्या, गल्लीतल्या बोलीत. मी ‘वा’ म्हणतो ते त्याला, सपातांना नाही. हे त्या रात्री मला नीट सांगता आलं नाही. तुला पटलं नाही तरी चालेल. तू भांडलीस याचा मला राग नाही, उलट आत्याला मी ते दोनदा सांगितलं.

आज सकाळी आई स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर बोलत होती. “अगं, हितं दोन दिसांतनं येकदा पानी येतंय, त्ये बी करंगळीएवढं!” आणि हसली, मोठ्यानं. मी रिकामं भांडं घेऊन दाराशी होतो. आत गेलो असतो तर ती थांबली असती. तहान लागली होती, तरी फोन संपेपर्यंत बाहेरच उभा राहिलो.

बुधवारी मीटिंग आहे म्हणालीस. झाली की फोन कर, चार मिनिटांचा का होईना. आईचे आशीर्वाद. बोक्यानं तुझी गादी बळकावली आहे.

तुझा,
बाबा

ता.क. ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर किंचित टेकवायचे आणि मग हवा सोडताना— दादा, हे टाइप करू नकोस.