एकाच दाराचे लांब घर

कार्डिफ, १२ ऑक्टोबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या वाड्याच्या मागच्या भिंतीला ओल येते, म्हणून दिवाळीनंतर तिला सिमेंटचा गिलावा करून घेण्याचे तू ठरवले आहेस, असे तुझ्या पत्रावरून कळले. ते काम तूर्त थांबव, एवढेच खरे तर कळवायचे होते. परंतु त्याचे कारण सांगायचे तर गेल्या रविवारी पाहिलेल्या एका शेतघराविषयी आधी लिहिले पाहिजे.

कार्डिफच्या पश्चिमेला सेंट फॅगन्स येथे १९४८ साली सुरू झालेले एक खुले संग्रहालय आहे. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे मूळ जागेवरून उतरवून तेथे पुन्हा उभी केली आहेत. गॉवर द्वीपकल्पावरून आणलेले १६१० चे केनिक्सटन शेतघर बाहेरून तांबडे आहे. त्या रंगाने वाईट शक्ती दूर राहतात, अशी लोकांची समजूत होती. माझा बहुतेक वेळ मात्र किलेवेंट या घरात गेला. हे मध्य वेल्समधल्या रेयडर गावाजवळच्या क्लाएरवेन खोऱ्यातले. मूळचे पंधराव्या शतकातले, लाकडी चौकटीचे. पुढे १७३४ च्या सुमारास बहुतांश दगडात नव्याने बांधलेले. वेल्श भाषेत अशा घराला ‘टी हीर’, म्हणजे लांब घर म्हणतात.

या घराचे मर्म त्याच्या दारात आहे. माणसे आणि गुरे एकाच दाराने आत येत, आत आल्यावर एका अंगाला राहण्याची जागा आणि दुसऱ्या अंगाला गोठा, आणि दोन्हींवर एकच छप्पर. या संग्रहालयाचे पहिले प्रमुख योर्वर्थ पीट यांनी १९४० साली वेल्समधल्या घरांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी लांब घराची ओळखच या आतल्या वाटेवरून ठरवली होती. अशी घरे बहुधा उतारावर, उताराच्या दिशेने लांब बांधत आणि गोठा खालच्या टोकाला ठेवत, म्हणजे मूत आणि धुण्याचे पाणी राहत्या जागेकडे न येता आपोआप बाहेर जाई. हिवाळ्याच्या रात्री बर्फात पाऊल न टाकता वैरण घालता येई, व्यालेल्या गाईकडे पाहता येई, आणि गुरांच्या अंगची ऊबही घराला मिळे. कागदावर एक रेघही न ओढता, केवळ उतार, थंडी आणि गाय यांचा विचार करून इतका नेमका आराखडा साधणाऱ्या त्या अनाम गवंड्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता भिंतीकडे येतो. खिडकीच्या कोनाड्यात मी हात घातला, तर कोपरापर्यंत भिंतच होती. अशा भिंतीत अनघड दगडांचे दोन पदर असतात, मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती भरलेली असते, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवण्यासाठी मधूनमधून लांब दगड आडवे घातलेले असतात. सांधे चुन्याचे किंवा मातीचे. पाऊस भिंतीत थोडा मुरतो आणि उघडीप पडली की याच मऊ सांध्यांतून बाहेर पडतो. म्हणजे भिंत ओली होते, पण ओली राहत नाही. त्यावर सिमेंट चढवले की पाण्याची बाहेरची वाट बंद होते. मग ते आत सरकते, किंवा दगडातच साचून थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे काढते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण भिंतीतल्या पाण्यात क्षार आहेत, आणि पाणी सुकताना तेच दगड आतून फोडतात. आमच्या घराच्या पडवीची दगडी भिंत एका गवंड्याच्या सांगण्यावरून आम्ही सिमेंटने झाकली, तेव्हा तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूला कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगारे धरले आणि नखाने टोकरले तरी दगडाचा भुगा पडू लागला. वडिलांना ते पाहून झालेले दुःख मी विसरलेलो नाही. तुझ्या घरी तसे घडू नये, असे फार वाटते.

तेव्हा एवढे कर. परसाकडच्या कोपऱ्यात, जिथे कुणी हात लावलेला नाही, तिथला एक सांधा खिळ्याने थोडा खरवड. आत पांढरे ठिपके असलेला मऊ माल निघाला, तर तो जुना चुना आहे असे समज. त्याचा फोटो आणि चिमूटभर माल कागदात जपून ठेव. डिसेंबरात मी येईन तेव्हा आपण दोघे मिळून पाहू. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचते का, तेही पाहून ठेव.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर