फाइल उघडणारे मानसशास्त्रज्ञ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत रहस्यकादंबऱ्यांतील मानसशास्त्रज्ञ नायकांवरचा लेख वाचला. लेख आवडला, पण एका मुद्द्यावर अडले. गोपनीयतेच्या नियमामुळे अशा कथा रेंगाळतात आणि नायक तो नियम मोडतो तेव्हाच त्यांना वेग येतो, असे लेखकाचे म्हणणे आहे. मी २६ वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आणि रहस्यकथा तर शाळेपासून वाचते आहे. मला नेमके उलटे वाटते. नायकाने फाइल उघडून इन्स्पेक्टरसमोर सरकवली, की माझ्यापुरती ती कादंबरी तिथेच मिटते.

या कादंबऱ्यांतले तज्ज्ञ फार सहज बोलतात. रात्री जेवताना नवऱ्याला सांगतात, पोलिसातल्या मित्राला 'नाव नाही घेत, पण...' म्हणून सगळे सांगून टाकतात. प्रत्यक्षात एखादी व्यक्ती आपल्याकडे येते की नाही, हेसुद्धा गुपितच असते. एकदा एक तपास अधिकारी माझ्याकडे आले होते. अतिशय सौजन्याने म्हणाले, "बाई, फाइल नको, फक्त हो की नाही एवढंच सांगा." मी म्हणाले, "माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नाही." ती व्यक्ती आयुष्यात कधी माझ्याकडे आलेली नसती, तरीही मी हेच वाक्य म्हटले असते. कारण कोणी येत नसेल तेव्हा 'नाही' म्हणायची सवय लावली, तर ज्या दिवशी आपण गप्प राहू त्या दिवशी त्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' होतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला धागा कुठे मिळेल? एखादी समुपदेशक दहा वेळा तेच वाक्य म्हणते आणि अकराव्या वेळी तिच्या तोंडून चुकून 'नाही' निघून जाते. संपूर्ण कादंबरी त्या एका शब्दावर उभी राहू शकते.

दुसरी गोष्ट कबुलीची. कादंबरीत रुग्ण म्हणतो, "मी खून केला," आणि वाचकासकट सगळे त्यावर विश्वास ठेवतात. मंत्रचळाच्या आजारात, ज्याला ओसीडी म्हणतात, काहींना गाडी चालवताना आपण कोणाला तरी उडवले असा संशय छळतो. ते त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहतात. रस्त्यावर काहीच नसते, तरी अपराधीपण खरे असते आणि ते रडून कबुली देतात. ही कबुली घेऊन जो पोलिसांकडे धावेल, तो एका आजारी माणसाला उद्ध्वस्त करील. खोलीत ऐकलेले शब्द म्हणजे पुरावा नसतो. ते काय आहेत हे ठरवायला कित्येक महिने जातात, आणि तो शोध कोणत्याही ठशांच्या शोधाइतकाच थरारक असतो.

म्हणजे नेहमी तोंड मिटूनच बसावे का? तसे मुळीच नाही. इथे कॅलिफोर्नियातला तारासॉफ खटला आठवतो. बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला एका तरुणीला मारण्याचा बेत सांगितला. ती, तातियाना तारासॉफ, तेव्हा ब्राझीलला गेलेली होती. मानसशास्त्रज्ञ गप्प राहिला नाही, त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्या तरुणाला थोडा वेळ ताब्यात घेतले आणि तो भानावर आहे असे वाटून सोडून दिले. तातियानाला किंवा तिच्या आईवडिलांना मात्र कोणीच काही सांगितले नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिचा खून केला. पुढे १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की रुग्णापासून दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. हा खटला मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. तो माणूस बोलला होता, आणि तरीही ती मेली.

कोणाला सांगायचे, किती सांगायचे, केव्हा सांगायचे, हा खरा पेच आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्येही दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते, पण तो धोका टाळण्यापुरतीच. शक्य असेल तर आम्ही आधी त्या माणसालाच सांगतो, की हे मला आता माझ्यापाशी ठेवता येणार नाही. तो प्रसंग मी एकाही कादंबरीत वाचलेला नाही. समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, ते लिहायला मोठा लेखक लागेल.

गप्प राहण्याची किंमतही या कथांत दिसत नाही. अमेरिकेत एका महिला पोलिसाच्या गोळीने एक माणूस मेला. त्यानंतर तिने एका समाजकार्यकर्तीकडे समुपदेशनाची सुमारे ५० सत्रे घेतली. मृताच्या नातेवाइकांनी त्या नोंदी कोर्टात मागितल्या. न्यायाधीशांनी देण्याचा आदेश दिला, तरी दोघींनी दिल्या नाहीत. मग न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, की नोंदींत तिच्या विरोधातलेच काही असेल असे तुम्ही धरू शकता. निकाल तिच्याविरुद्ध गेला. अखेर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गुपित राखण्याचा हक्क मान्य केला. तिथवर पोचेपर्यंतची ती वर्षे त्या दोघींनी कशी काढली असतील!

हे सगळे इतक्या पोटतिडकीने लिहिण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. शिकाऊ असताना मी एका मैत्रिणीला एक प्रसंग सांगितला. नाव बदलले, वय बदलले, व्यवसाय बदलला. एक लकब तेवढी तशीच राहिली. मैत्रीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, ही तर..." आणि तिने नाव घेतले. ते नाव बरोबर होते. मी नाही म्हणाले, पण माझा चेहरा तिने पाहिला होता. त्या व्यक्तीला हे कधीच कळले नाही. पुढची कित्येक सत्रे तिच्या डोळ्याला डोळा देणे मला जड गेले. ती लकब कोणती, हे मी आजही लिहिणार नाही.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तुमच्या मानसशास्त्रज्ञाला शेवटच्या पानापर्यंत गप्प राहू द्या आणि खुनी दुसऱ्या वाटेने सापडू द्या. वाचकाला सगळे कळले तरी चालेल, इन्स्पेक्टरला तिच्याकडून कळू नये.

पत्राखाली माझे नाव व गाव छापू नये. माझ्याकडे येऊन गेलेल्या कोणालाही हे वाचताना 'बाई माझ्याविषयी तर लिहीत नाहीत ना?' अशी शंका यायला नको.

आपली नम्र,
एक निवृत्त समुपदेशक