थाळीचं अनुदान नको, धान्य रास्त भावात विकत द्या

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

अंबाजोगाईत आम्ही बचत गटाच्या काही बायका मिळून एक खानावळ चालवतो. दरपत्रक नाही. भिंतीवर एवढंच लिहिलंय : 'पोटभर जेवा. जमेल ते पेटीत टाका. नाही जमलं तरी जेवा.' नफा कमवायचा नाही हे पहिल्या बैठकीतच ठरलं. तोटा किती सोसायचा हे मात्र अजून ठरत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. रीतसर निवेदन दिलं होतं. त्यावर आवक क्रमांक पडला, शिक्का पडला आणि ते तिथंच पडून राहिलं. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते.

"धान्य तर फुकट मिळतं, मग उपाशी कोण आहे?" हे मला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी विचारलं, तसं आमच्याच भागातल्या साहेबांनीही विचारलं. रागवण्यासारखं त्यात काही नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदयवाल्या घराला पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून त्याचा रुपयाही द्यावा लागत नाही. पण पाच किलोचा दिवसाचा हिशोब घातला तर साधारण १६६ ग्रॅम होतात. त्यात डाळ नाही, तेल नाही, तिखट-मीठ नाही, सरपण नाही. आणि ते शिजवायला घरात धडधाकट माणूस लागतं.

आमच्या जिल्ह्यात नेमकं तेच नसतं. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडेस्तोवर, म्हणजे गाळप संपेस्तोवर, घरी येत नाहीत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेपायी ठेवलेली लेकरं. लेकरांना शाळेत दुपारची खिचडी मिळते, पण शाळा असेल त्याच दिवशी. म्हाताऱ्यांना तीही नाही. आमच्या मागच्या वस्तीतल्या एका आजीच्या घरी मी गेले तेव्हा डब्यात तांदूळ होता, पोत्यात गहूही होते. गिरणीपर्यंत गहू कोण नेणार, दिसत नसताना चूल कोण पेटवणार? चहात बटर बुडवून त्यांचे दोन-दोन दिवस निघत होते. रेशन दुकानाच्या मशीनवर मात्र त्यांचं धान्य दर महिन्याला उचललेलं दिसतं. म्हणजे कागदावर त्या जेवलेल्या आहेत.

दुसरं, केशरी कार्डाचं. विदर्भ-मराठवाड्याच्या ज्या चौदा जिल्ह्यांवर शेतकरी आत्महत्यांचा शिक्का बसलाय, तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयाने गहू आणि तीन रुपयाने तांदूळ मिळत होता. आमचे आठही जिल्हे त्यात आहेत. २०२३ पासून धान्य बंद झालं आणि माणशी महिना १५० रुपये खात्यावर यायला लागले, पुढे ते १७० केले. बाजारात किराणा कुठल्या भावाने चाललाय हे आपलं खातं जाणतं, मी नव्याने काय सांगू. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सीना, गोदावरीचं पाणी शिवारात शिरलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं. त्यानंतर आमच्याकडे जेवायला जी नवीन तोंडं आली त्यांत सातबारा असलेली माणसं होती. ती पहिल्या दिवशी आत येत नाहीत. समोरच्या टपरीवर चहा घेतात, बघतात आणि निघून जातात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला येतात.

शिवाय दवाखाना आहे. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला केज, धारूर, परळीकडून पेशंट येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला नाही. सोबत आणलेली भाकरी दुसऱ्या दिवशी संपते.

आता आमच्या पेटीबद्दल, कारण सगळे अधिकारी पहिल्यांदा तेच विचारतात. पेटी दारात ठेवलेली नाही. हात धुवायच्या नळापाशी, भिंतीच्या आडोशाला आहे आणि तिच्याजवळ कुणी बसत नाही. सुरुवातीला एक जण गल्ल्यावर बसायची. तेव्हा माणसं ताटावर बसायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि दुसरी भाकरी मागायला लाजायची. संध्याकाळी पेटी उघडली की दहा-वीसच्या नोटा निघतात, नाणी निघतात, पगाराच्या आठवड्यात एखादी पाचशेची निघते. एकदा शर्टाचं बटण निघालं, ते आम्ही वापरून टाकलं. मोंढ्यातले हमाल जवळजवळ नेहमीच काहीतरी टाकतात. कुणी शेतातून येताना अंबाडीची, चुक्याची जुडी आणून टेकवतो. एक मावशी ताट संपवून सरळ मोरीवर जाऊन बसतात. नको म्हटलं की म्हणतात, "फुकटचं गिळायची सवय नाही लावून घेतली बाई, दे इकडं ती पातेली."

फुकटे येतात का? येतात. नवी कोरी मोटारसायकल लावून, पोटभर खाऊन, पेटीकडे न बघता जाणारे आहेत. आमच्या बायका त्यांना ओळखून आहेत, आणि वाढताना ठेचा जरा सढळ हाताने घालतात. पण खानावळ त्यांच्यामुळे बुडत नाही. भाजी, डाळ, तेल आणि बायकांची थोडकी मजुरी एवढं पेटीतून कसंबसं निघतं. बुडवतात धान्य, गॅस आणि वीज. गॅस व्यापारी, १९ किलोची निळी टाकी. घरच्या टाकीवर पाच टक्के जीएसटी, हिच्यावर अठरा. वीजही व्यापारी दराने. कायद्याच्या नजरेत आम्ही आणि हायवेवरचा एसी फॅमिली ढाबा एकाच रांगेत. दर ठरवून विकलं तर हॉटेल, फुकट वाटलं तर अन्नदान. मधल्या माणसासाठी फॉर्मवर रकानाच नाही. एका कार्यालयात तर मला विचारलं, "ताई, तुमचा रेट किती लिहू?" मी म्हटलं शून्य ते पाचशे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शिवभोजनचं काय, असं आपण म्हणाल. ती योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भाताची मूद दहा रुपयांत. सरकारने एका थाळीचा खर्च शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला आणि वरचे पैसे सरकारनेच द्यायचे ठरलं. कोरोनात तर ती थाळी काही महिने मोफत होती, आणि तेव्हा तिने किती जणांना जगवलं हे आम्ही बसस्टँडवर उभं राहून पाहिलंय. पण तिची दुखणीही आपल्याला ठाऊक आहेत. केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या येतात. थाळ्यांची संख्या ठरलेली, ती संपली की रांगेतला पुढचा माणूस परत. आणि जेवण दुपारचंच. मजूर अड्ड्यावर ज्याला दिवसभर काम लागलं नाही त्याची भूक रात्री असते.

आणि तो फोटो. जेवणाऱ्याचं नाव लिहून मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, तेव्हा थाळी मोजली जाणार. बोगस थाळ्या होऊ नयेत म्हणून हे केलंय, मान्य. पण नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला बसलेल्याला नाव विचारत नाहीत, तिथं रोज हजारोंची पंगत उठते. सातबारावाला शेतकरी फोटो काढून घेत नाही. तो उपाशी घरी जातो.

तुमच्या-आमच्याकडे थाळीचं दुसरंही एक दुखणं आहे, तिला पक्ष चिकटतो. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रं उभी राहिली, सरकार बदललं, योजना गेली, आणि मोक्याच्या जागेवरच्या टपऱ्यांत पुढे काय काय विकलं गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. आंध्रात अण्णा कॅन्टीन २०१९ ला सरकार बदलल्यावर बंद झाली आणि २०२४ ला पुन्हा सरकार बदलल्यावर उघडली. मधली पाच वर्षं तिथला हमाल काय खात होता कोण जाणे. म्हणून आम्हाला थाळीमागे अनुदान नको. ज्या दिवशी आमची थाळी सरकारी होईल, त्या दिवसापासून ती निवडणुकीची होईल.

जेवणाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या खानावळी काही आमच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. अमेरिकेत डेन्व्हरला २००६ पासून एक छोटं कॅफे असं चालतं. पैसे द्या, नाहीतर तासभर काम करा, नाहीतर बागेतली भाजी आणा. आमच्या मोरीवरच्या मावशी तिथं बरोबर शोभतील. त्याच देशात पनेरा नावाच्या मोठ्या बेकरी साखळीने २०१० ला हाच प्रयोग केला, शहरा-शहरांत दुकानं काढली आणि २०१९ पर्यंत सगळी बंद झाली. माझं मत विचाराल तर, अशी जागा गावच्या ओळखीवर चालते, साखळीवर नाही. म्हणून 'ही योजना राज्यभर राबवू' असं कृपया जाहीर करू नका. जिथं कुणी आपणहून चालवतंय तिथं त्यांना मोकळीक द्या, एवढंच.

मोकळीक म्हणजे काय ते सांगते. ८ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, केंद्राने भारतीय अन्न महामंडळाला सांगितलं होतं की मदतकार्यात जेवण देणाऱ्या संस्थांना लिलावात न उतरता थेट गोदामातून धान्य द्या. गहू २१ रुपये किलो, तांदूळ २२. संकटात जे एका पत्रावर होऊ शकलं ते कायमचं करता येईल. नोंदणीकृत, ना-नफा, अन्न परवाना असलेल्या आणि ठरावीक दर न लावणाऱ्या खानावळींना जिल्ह्याच्या गोदामातून धान्य विकत मिळावं. फुकट नको. महिन्याला किती ताटं गेली याचा आमच्या वहीवरून अंदाज घ्या, तपासायला कधीही, न कळवता माणूस पाठवा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसारखी कोठारं खुली करा असं मी म्हणत नाही. आमचे पैसे भरायला विठू महाराला यावं लागणार नाही, आम्ही आगाऊ भरतो.

यात ज्वारी घाला, ही माझी खास विनंती. इकडच्या माणसाला चपातीने जेवल्यासारखं वाटत नाही. सरकार हमीभावाने ज्वारी खरेदी करतं, २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा भाव ३,६९९ रुपये क्विंटल होता. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, 'श्रीअन्न' म्हणून फ्लेक्स लागले. मग त्याच ज्वारीची भाकरी गरिबाच्या ताटात का नाही? मात्र ताजा माल द्या. गोदामात दोन पावसाळे काढलेल्या ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. थापता थापता कडा चिरतात, तव्यावर टाकली की भाकरी मधून दुभंगते. आमची थापणारी मग त्याची उकड काढते, गरम पाण्यात पीठ मळते, एका भाकरीला दोन भाकऱ्यांचा वेळ जातो आणि बाहेर पंगत ताटकळते. पीठ नको, धान्यच द्या. गिरणी आमच्या गल्लीत आहे.

गॅस आणि वीज आपल्या खात्यात येत नाही हे मला कळतं. पण संबंधित खात्यांची एक बैठक आपण लावू शकता, आणि 'ना-नफा अन्नगृह' असा एक रकाना फॉर्मवर आणू शकता. अजून एक सुचवते. आज जी शिवभोजन केंद्रं आहेत, त्यांना दुपारची थाळी झाल्यावर त्याच भांड्यांत, त्याच ओट्यावर संध्याकाळी आमच्या पद्धतीने चालवायची परवानगी द्या. नवी जागा लागणार नाही, नवा खर्चही लागणार नाही. ज्याला जमेल तो चालवेल, ज्याला जमणार नाही तो दुपारीच कुलूप लावेल. आणि संध्याकाळी तरी फोटो नको.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर निघायला लागले की आमच्याकडचा आकडा वाढतो, कारण मागं राहिलेले यायला लागतात. धान्याचं काय व्हायचं ते त्याआधी झालं तर उपयोग. परिपत्रकाची एक प्रत तहसीलला आणि एक गोदामपालाला जाऊ द्या. पोती उचलायला माणसं आमची, टेम्पोचं भाडंही आमचं.

आपली नम्र,
खानावळीतली एक,
अंबाजोगाई, जि. बीड