लॅपटॉप चालू होत नाही म्हणून लगेच फॉर्मॅट कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात शेती, पाणी, केळीचा भाव, रस्त्यावरचे खड्डे सगळं येतं, ते आलंच पाहिजे, पण एका विषयावर कुणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र. पारोळ्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप रिपेअरिंग हा काही माझा धंदा नाही, पण गावात कुणाचा लॅपटॉप बंद पडला की आधी माझ्याच काउंटरवर येऊन पडतो, "भाऊ, हाऊ चालूच व्हत नही, देख बरं जरा." त्यात विद्यापीठाच्या सबमिशनचे नाहीतर सीईटीच्या फॉर्मचे दिवस असले की पोरांचे चेहरे बघवत नाहीत. मी जेवढं बाहेरून कळतं तेवढं बघतो आणि पुढे जळगाव नाहीतर धुळ्याला पाठवतो. आणि तिकडून आलेल्या पोरांकडून जे ऐकायला मिळतं त्याच्यावरच मला बोलायचंय.

बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक, मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटचा बोर्ड, गेला. दुसरं, विंडोज उडाली, फॉर्मॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल. पावतीवर पण तेवढंच, "मदरबोर्ड रिपेअर" आणि खाली आकडा, कुठला पार्ट बदलला, जुना पार्ट कुठे गेला, काही नाही. आता सगळेच दुकानवाले फसवतात असं मी म्हणणार नाही, मी पण दुकानदारच आहे. गिऱ्हाईकाला तासाभरात लॅपटॉप पाहिजे असतो आणि नुसत्या तपासणीचे दोनशे रुपये मागितले की तोंड वाकडं करतो, मग समोरचा पण जे लवकर होतं तेच करतो, आणि सगळ्यात लवकर होतं ते फॉर्मॅट. पण अहो शेतातली मोटर उचलत नाही म्हणून कुणी विहीर बुजवतं का, आधी फ्यूज बघतो, स्टार्टर बघतो, डीपीवर जाऊन येतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या झटक्यात विहीर बुजवायला परवानगी देऊन टाकतो, आणि त्यात काय काय होतं ते नंतर आठवतं.

चालू होत नाही म्हणजे नक्की कुठे अडकतंय हे आधी बघा, दुकानात नेण्याआधी घरीच बघा. लाइटच लागत नाही हा एक प्रकार, लाइट लागतो पंखा फिरतो पण स्क्रीन काळी हा दुसरा, कंपनीचा लोगो येतो आणि पुढे सरकत नाही हा तिसरा, आणि निळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्रजीत लिहून येतं हा चौथा. चारही वेगळे आजार आहेत, आणि यातल्या शेवटच्या दोन प्रकारांत मदरबोर्ड बिचारा बहुतेक ठणठणीत असतो, नाहीतर लोगोपर्यंत गाडी आलीच नसती.

लाइटच लागत नसेल तर चार्जर काढायचा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती पण काढायची, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत साठून राहिलेला करंट निघून जातो. मग नुसता चार्जर लावून चालू करून बघायचं. यात काही जादू नाही, कंपन्यांच्या सपोर्टवाले पण फोनवर आधी हेच करायला सांगतात. चार्जर पण नीट बघा. आता टाइप सी आल्यापासून लोक मोबाइलचा चार्जर लावून बसतात, बऱ्याच लॅपटॉपला ६५ वॅट लागतात आणि हे लावतात १८ वॅटचा, मग काय चालू होणार. आणि भिंतीवरचा स्विचबोर्ड तर बदलून बघा ना, आमच्याकडे घरातल्या एका बोर्डात लाइट असते आणि शेजारच्यात नसते हे काय नवीन आहे का!

स्क्रीन काळी असेल तर कॅप्स लॉकचं बटण दाबून त्याचा लाइट लागतो-विझतो का बघा. होत असेल तर मशीन जिवंत आहे. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारायचा, पुसट पुसट चित्र दिसलं तर फक्त आतला बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय, बाकी सगळं चालू आहे. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय वायर लावून बघा, टीव्हीवर दिसलं तर प्रॉब्लेम स्क्रीनचा नाहीतर तिच्या केबलचा आहे, हे कळलं तरी "मदरबोर्ड गेला" म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारता येतात. काही लॅपटॉपांत लाइट ठराविक वेळा ब्लिंक होऊन थांबतो आणि परत तेच करतो, तो बिघाडाचा कोड असतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ सापडतो. काळ्या स्क्रीनचं अजून एक नेहमीचं कारण म्हणजे रॅम (मेमरीची पट्टी) सैल होणं किंवा तिच्या पट्टीवर थर चढणं, आपल्याकडे धूळ काय कमी आहे, त्यात जिनिंगच्या दिवसांत कापसाचा तूस पंख्यात जाऊन बसतो तो वेगळाच. जाणकार माणूस रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरने पुसून परत बसवतो, दोन असतील तर एकेक लावून बघतो. पाच मिनिटांचं काम. फक्त आता बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली येते, तिथे हा उपाय चालत नाही.

लोगो येऊन "नो बूटेबल डिव्हाइस" असं आलं तर आधी पेन ड्राइव्ह काढा. हसू नका, फॉर्मची पीडीएफ कॉपी करून पेन ड्राइव्ह तसाच लावून ठेवतात आणि मशीन त्याच्यातच विंडोज शोधत बसतं. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एसएसडीचं (फाइली साठवणाऱ्या आतल्या डिस्कचं) नाव दिसतं का बघायचं, चालू होताना एफ२ नाहीतर डिलीट, एचपीला एफ१०, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. नाव दिसत असेल तर डिस्क बहुतेक जिवंत आहे. जुन्या मशीनमध्ये तारीखच भलत्याच वर्षाची दिसली तर आतला तो नाण्यासारखा सेल बसलाय असं समजा, बऱ्याच मशीनला सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. तो बसला की बायोसची सेटिंग मूळपदावर जाते, बूट मोड म्हणजे विंडोज सुरू करायची पद्धत बदलते, आणि विंडोज डिस्कवर असून सापडत नाही. यात फॉर्मॅटचा काय संबंध?

आणि विंडोज अर्ध्यात अडकत असेल तर लोगो आल्यावर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःहून रिपेअरचा मेनू उघडते, त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, शेवटचा अपडेट काढून टाकायची सोय आहे, सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरतीच विंडोज चालू करायची सोय आहे. अजून एक गैरसमज सध्या जोरात आहे, की विंडोज १० बंद झाली म्हणून लॅपटॉप चालू होत नाही. अहो १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबले, लॅपटॉप चालू व्हायचा थांबत नाही त्याने. त्या नावाखाली कुणी नवीन मशीन गळ्यात मारत असेल तर जरा थांबा.

१९ जुलै २०२४ आठवतं का, विमानतळांवर कॉम्प्युटर बंद पडले होते आणि आपल्या देशात पण प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटी कंपनीचा एक अपडेट बिघडला आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने जगात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या. त्यांचे काय मदरबोर्ड बदलले का कुणी? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची होती फक्त. पण तिथेही हजारो माणसं एकाच ठिकाणी अडकली, कारण सेफ मोडमध्ये जायला मशीन ४८ आकडी 'की', म्हणजे किल्ली, मागत होतं. आणि माझ्या या पत्राचं खरं कारण ती की आहे.

तिला बिटलॉकर रिकव्हरी की म्हणतात. बऱ्याच नवीन लॅपटॉपात, होम विंडोज असली तरी, डिस्क कुलूपबंद असते, सेटिंगमध्ये त्याला डिव्हाइस एनक्रिप्शन म्हणतात. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर नवीन मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप आपोआप लागतं, कुणी तुम्हाला विचारत पण नाही. एरवी काही कळत नाही. पण बायोस अपडेट झाला, सिक्युअर बूट नावाची सुरक्षेची सेटिंग कुणी बंद केली, मदरबोर्ड बदलला, की मशीनला संशय येतो आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडे मागतं. आता हे आकडे कुठे असतात, तर ज्या मेल आयडीने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. वेबसाइटवर त्या खात्याने लॉगिन करा, डिव्हाइसच्या पानावर की मिळते, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून घ्या आणि टाका, संपला विषय.

पण आमच्याकडे होतं काय, पोरगं पहिल्यांदा लॅपटॉप घेतं, बाप कापसाचे नाहीतर केळीचे पैसे आल्यावर घेऊन देतो, आणि दुकानवाला म्हणतो थांबा, सगळं सेटिंग करून देतो. तो स्वतःचाच मेल टाकतो नाहीतर तिथल्या तिथे एक नवीन आयडी बनवतो, पासवर्ड काहीतरी ठेवतो, पोराला सांगतो हा पिन लक्षात ठेव, चार आकडी. पोराला वाटतं पिन म्हणजेच सगळं. दोन वर्षांनी मशीन ४८ आकडे मागतं तेव्हा तो आयडी कुणाला माहीत नसतो, दुकानातला मुलगा काम सोडून पुण्याला गेलेला असतो, आणि पोराचा प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, आईच्या ऑपरेशनचे स्कॅन केलेले कागद सगळं त्या कुलपाच्या आत. डिस्क चांगली, मदरबोर्ड चांगला, सगळं चांगलं, आणि किल्ली दुसऱ्याच्या मेलमध्ये. मग फॉर्मॅट. यात रिपेअरवाल्याला तरी काय दोष द्यायचा, दोष विकणाऱ्याच्या काउंटरवर झालेला असतो.

आणि फॉर्मॅट मारल्यावर "डेटा काढून देतो" म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये पुसलेलं पुष्कळदा परत सापडायचं, एसएसडीचं तसं नाही, ट्रिम नावाची सोय असते, पुसलेली जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी डेटा मग दुरुस्ती. ती ४८ आकडी की हातात असली, नाहीतर डिस्कला कुलूपच नसलं, तर डेटा काढणं अवघड नाही. पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच दुसरी फुकटची सिस्टिम) टाकून मशीन त्याच्यावरून चालू करायचं, इन्स्टॉल न करता 'ट्राय' हा पर्याय निवडून, आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर ओढून घ्यायच्या. नाहीतर एसएसडी काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. मात्र जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी अजून बिघडते, ती सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

तर आपल्या पेपरामार्फत माझं म्हणणं असं. लॅपटॉप विकणाऱ्यांनी गिऱ्हाईकाच्याच मेल आयडीने मशीन चालू करून द्यावं, मेल नसेल तर त्याच्या मोबाइल नंबरवर त्याच्यासमोर बनवावा आणि पासवर्ड त्यालाच टाकू द्यावा. रिपेअरवाल्यांनी फॉर्मॅटच्या आधी "डेटा पाहिजे का" हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं आणि बदललेला जुना पार्ट परत द्यावा, मोटरसायकलचे गॅरेजवाले देतात मग यांना काय अडचण आहे. तपासणीचे पैसे वेगळे घ्या, खुशाल घ्या, गिऱ्हाईकाने पण ते द्यायला शिकलं पाहिजे. पावती द्यायला कुणी नकारच देत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. आणि ज्यांचा लॅपटॉप आज धडधडीत चालू आहे त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर सेटिंगमध्ये प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एनक्रिप्शन चालू आहे का बघावं, असेल तर आपल्या खात्यातून ते ४८ आकडे कागदावर उतरवून घरात सातबारा जिथे ठेवता त्याच फाइलीत ठेवावेत. लॅपटॉपच्या बॅगेत नको, लॅपटॉप चोरीला गेला तर किल्ली पण सोबत जाईल.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक, पारोळा

ता.क. – एक लिहायचं राहिलं. बरेच लॅपटॉप ३५ डिग्रीच्या आतच वापरा असं कंपन्या लिहितात आणि आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते भुसावळकरांना विचारा, त्यात पोरं गादीवर ठेवून वापरतात, खालची हवेची जाळी बंद. टचपॅड वर उचललेला दिसला नाहीतर झाकण नीट बसत नसलं तर बॅटरी फुगलीय असं समजा. ती दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, मशीन बंद करा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या, चालू होत नाही की होतं हा प्रश्न त्याच्यानंतर.