आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट आणा

आदरणीय मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेनासं झालं, की नवा गाडीवाला पहिल्यांदा ठिणगी पाडणारे चार प्लग आणतो. ते बसवूनही इंजिन थरथरतंच. मग प्लगला वीज देणारी कॉइल, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. पैसे जातात, बिघाड जाग्यावरच. कुठला सिलिंडर काम करत नाही ते आधी शोधा, हे तुम्ही प्रत्येकाला बॉनेट उघडून, हात काळे करून दाखवत आलात. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार.

तुमची कॉइलची अदलाबदल तर कुणालाही जमण्यासारखी. मोबाइलला जोडायच्या छोट्या स्कॅनरवर बिघाडाचा पी०३०२ कोड आला, तर २ नंबरचा सिलिंडर. इंजिन बंद करून २ ची कॉइल ३ वर आणि ३ ची २ वर लावायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. आता पी०३०३ दिसला तर कॉइल गेलेली. पी०३०२ च राहिला तर कॉइल चांगली; मग हीच अदलाबदल प्लगची. तरीही कोड हलला नाही, तर वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), आणि तिथून पुढचं काम गॅरेजचं. ही मर्यादाही तुम्ही स्पष्ट सांगता, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं.

प्लग इंजिन थंड झाल्यावरच खोलायचा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. त्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ आणि पाणी हवेनं फुंकायचं. प्लग निघाला की ती घाण सरळ सिलिंडरमध्ये उतरते. बसवताना पहिले आटे हातानंच. गॅप (ठिणगी पडते ती फट) गाडीच्या पुस्तकात असेल तेवढा, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ०.८ ते १.१ मिमी. टोकावर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. खड्ड्यातच ऑइल साचलं असेल, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकत नाही. हे दुकानदार सांगत नाही, तुम्ही सांगता.

आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथर आणि २००० आरपीएमला इंजिन गुळगुळीत, म्हणजे बहुतेक थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढं कुठून तरी हवा ओढली जातेय. फुसफुस ऐकायची, रबरी पाइपांच्या टोकांना चिरा बघायच्या. उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेली वायरही बघायची. आणि आरपीएमचा काटा ७०० ते ९०० मध्ये स्थिर, कोड काही नाही, फक्त सीट हलते, तेव्हा बहुतेक इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) दबून गेलेलं असतं. अशा गाडीला तुम्ही प्लग विकत नाही.

सगळ्यात जास्त आभार इंजिनच्या लाइटबद्दल. ती नुसती पेटून राहिली तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. मिचकायला लागली की पाय काढून गाडी बाजूला. मिसिंगमुळं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. एका कॉइलच्या जागी कितीतरी पट खर्च येतो. चोर्ला घाटात चढाला लागण्याआधी हे ठाऊक असलेले गाडीवाले आज आपल्या भागात बरेच आहेत, ते तुमच्यामुळं.

तुमचेच,
बेळगाव-खानापूर भागातले गाडीवाले