व्यत्यय वगळले आहेत

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

प्रकल्पासाठी तू घेतलेली छापखान्याच्या काकांची मुलाखत काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. प्रकल्पाला गुण मिळतील, त्याची काळजी नको. पण जन्मभर दुसऱ्यांच्या धंद्यांचे हिशेब लिहिणाऱ्या बाईला मत विचारलंस, तर आता ऐकून घ्यावं लागेल.

पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'व्यत्यय वगळले आहेत.' नेमकं तेच मला हवं होतं रे! तासाभरात छापखान्याचे काका अकरा वेळा उठले, असं तूच फोनवर वैतागून सांगितलंस. त्यातलं एक उठणं माझ्या डोक्यातून जात नाही. कुणीतरी घाईची कार्डं छापायला घेऊन आला. भाव सांगायच्या आधी काकांनी आतल्या मुलाला विचारलं, "जाड कागद किती उरलाय?" मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या नाही, परवा देतो. आणि शंभर कशाला, दोनशे घ्या, फारसा फरक पडत नाही." तू मला हा किस्सा हसत सांगितलास, की बघ, दुप्पट माल कसा गळ्यात मारतात.

गळ्यात नव्हते मारत. ऑफसेटची प्लेट करायची, ती मशीनवर चढवायची, शाई जुळेपर्यंत सुरुवातीचे कागद वाया घालवायचे, काम झालं की मशीन धुवायचं. हे शंभर प्रतींनाही तेवढंच आणि हजार प्रतींनाही तेवढंच. समज, तयारीचा खर्च 900 आणि पुढे प्रतीमागे 1. मग शंभर प्रतींचे होतात 1000, दोनशेचे 1100. एक प्रत दहाला पडत होती ती साडेपाचवर आली. काका खरंच बोलत होते, फारसा फरक पडत नव्हता. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यावर तुमच्या पुस्तकात अख्खं प्रकरण असेल. काकांनी ते उभ्या उभ्या एका वाक्यात उरकलं, आणि त्या वेळी तुझा रेकॉर्डर बंद होता.

आता पान तीन. काका म्हणतात, "जो खर्च पडतो त्यावर पंचवीस टक्के चढवतो." खाली तू लिहिलंस, नफ्याचं प्रमाण 25 टक्के. दुरुस्त कर. 80 ला पडलेल्या कामावर पंचवीस टक्के चढवले की ते 100 ला जातं, म्हणजे विक्रीतले वीसच टक्के सुटतात. वीस आणि पंचवीसमधला हा घोळ भलेभले घालतात, तुझ्या आईनेही घातला आहे. पण पुढचं बघ. त्या 100 वर गिऱ्हाइकाने दहा टक्के सूट मागितली, तर येणार 90, खर्च तोच 80, हातात राहिले दहा. सूट दहा टक्क्यांची आणि सुटणारा पैसा निम्मा. तो भरून काढायचा तर काम दुप्पट करावं लागतं. सूट मागितली की काकांचा चेहरा का पडतो ते कळलं? त्यावर तू 'ग्राहकाभिमुखतेचा अभाव' असं लिहिलंयस. ते वाक्य काढ. मला वाचताना लाज वाटली.

"काम भरपूर आहे, हातात पैसा नाही," हे काकांचं बोलणं तू विसंगती म्हणून नोंदवलंयस. इथे मी जरा थांबते, कारण या ठिकाणी मी स्वतः आपटलेय. नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थांचा ताळेबंद केला आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, यंदा चांगला नफा झालाय. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग तो आहे कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन परत वह्या काढल्या. नफा होता. निम्मा गोदामात मालाच्या रूपाने पडला होता, उरलेला उधारीवर माल नेलेल्यांकडे होता. त्यांच्या गल्ल्यात मात्र पुढच्या आठवड्याचे पगारही नव्हते.

काकांचंही तेच. कागद आणला की तो साधारण 45 दिवस पडून राहतो असं ते म्हणाले. काम दिल्यावर पैसे यायला आणखी 30. कागदवाला त्यांना उधार देतो 20 दिवसांचं. मांड बघू: 45 आणि 30 मिळवले, 20 वजा केले, 55. हे पंचावन्न दिवस काकांचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो. काम दुप्पट झालं की अडकणारी रक्कमही दुप्पट होते. धंदा वाढतो आणि मालक कफल्लक होत जातो, हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. एका मोठ्या ऑर्डरला काका नाही म्हणाले, त्याला तू 'महत्त्वाकांक्षेची कमतरता' म्हटलंस. मला तर तो हिशेब वाटला.

महिन्याला किती उरतं, याचा त्यांनी सांगितलेला आकडा मात्र जसाच्या तसा धरू नकोस. त्यात त्यांचा स्वतःचा पगार धरलेला नाही, काकू संध्याकाळी बसून घड्या घालतात त्याची मजुरी नाही, जागा घरची म्हणून भाडं नाही, आणि मशीनचा घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, तर फारसं कुणी धरत नाही. विचारताना जपून विचार. काकूंचा प्रश्न त्यांच्यासमोर काढू नकोस.

त्यांच्या खिशातल्या मळक्या वहीची तू थट्टा केलीस, संगणक असून ही काय पद्धत म्हणून. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणिती संन्याशाने दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्हीकडे लिहिण्याची, पद्धत छापून मांडली. त्याने व्यापाऱ्याला तीन वह्या ठेवायला सांगितल्या, आणि रोजकीर्द (तारखेवार नोंदी) व खतावणी (खात्यावार नोंदी) यांच्याही आधी सांगितली ती कच्ची वही, जसं घडेल तसं लगेच टिपायची. काकांच्या खिशात तीच आहे. संगणकात जातं ते त्यातून निवडून, नीटनेटकं करून. तुझ्या मुलाखतीसारखं.

परत जा एकदा. फोन करून विचार, काम सैल कधी असतं, आणि त्याच वेळी जा. ती प्रश्नावली घरीच ठेव. 'यशाचं रहस्य काय' असं विचारलं की माणूस भाषण देतो, काकांनीही दिलंच की दीड पान. त्यापेक्षा विचार, गेल्या महिन्यात कुठलं काम नाकारलंत? कुणाचे पैसे अजून यायचेत, आणि तरी त्याला काम का देता? या शेवटच्या प्रश्नावर ते बहुतेक हसतील आणि मग बराच वेळ बोलतील. ते उठून गेले तर रेकॉर्डर चालू ठेव, अर्थात त्यांची परवानगी घेऊन.

आणि अहवाल पुरा झाला की त्याच्या प्रती त्यांच्याकडेच छापून घे. भाव सांगतील तो दे, सूट मागू नकोस. पैसे त्याच दिवशी.

तुझी,
आई