पातूरची पाटी आणि आपला अर्ज

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पातूरच्या निकालावरून 'आता आपल्याकडे, कर्नाटकातल्या सीमाभागातही मराठी पाट्या लागणारच' असं कट्ट्यावर चाललंय ना, तसं त्यात काही नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं. ते काढा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2025 ला फेटाळली. महाराष्ट्राच्या 2022 च्या कायद्याने मराठी सक्तीची केली, पण जोडीला दुसरी भाषा लिहायला बंदी घातली नाही, हे त्यातलं मुख्य कारण. म्हणजे होती ती पाटी वाचली. नसलेली पाटी लावून घेण्याचा हक्क त्यातून निघत नाही. कर्नाटकात तर कायदाच वेगळा. 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. उरलेल्या जागेत मराठी लिहू दिलं नाही, तर मात्र पातूरचा दाखला कामाला येईल.

तुम्ही पंचायतीत मराठीतून तक्रारीचा अर्ज देणार आहात, त्याला खरा आधार घटनेच्या कलम 350 चा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं देता येतं. 'कन्नडात आणा' म्हणून पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) अर्ज परत करू लागला, तर हे कलम अर्जाच्या पहिल्याच ओळीत असू दे. उत्तर मराठीत मिळेल, अशी हमी मात्र या कलमात नाही. तिथेच बहुतेकांची गफलत होते.

दुसरी गफलत माहितीच्या अर्जात. तो गाऱ्हाण्यात मोडत नाही. माहिती अधिकाराच्या कलम 6 प्रमाणे तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा. मराठीत दिला की फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. म्हणून सरळ हिंदीत द्या, लिपी आपलीच आहे! 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. पाणी, रस्ता, घरपट्टी एकत्र कोंबू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

मराठीत नोटिसा मागताना 15 टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात, म्हणजे एखाद्या भागात इतके लोक एखादी भाषा बोलत असतील, तर तिथे नोटिसा त्या भाषेतही हव्यात. तो 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेल्या धोरणातला, कायद्याचं कलम नव्हे. नुसत्या त्यावर कोर्टात टिकाव लागणं कठीण. अर्जात लिहा, सोबत जनगणनेतली तालुक्याची मातृभाषेची आकडेवारी जोडा, पण सगळी भिस्त त्यावर नको.

पुढे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जायची वेळ आली, तर पहिला प्रश्न येईल : लेखी मागणी केली होती का, आणि नकार कुठाय? तोंडी नकाराला तिथे किंमत नाही. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शिक्का देईनात, तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा, पावती जपा. 2004 पासूनचा सीमाप्रश्नाचा दावा दोन राज्यांमधला आहे, त्यासाठी हे अडवून ठेवू नका.

आई, हिंदी अर्ज तूच लिही. बाबांचं अक्षर पीडीओला काय, मलाही लागत नाही.

तुमची,
ताई